लाजेचं ट्रेनिंग

तो झेंडूचा हार मी स्वतः ओवला होता. फुलं शाळेच्या आवारातलीच. संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी चाळीसेक फुलं ओवली, दोऱ्याला गाठ मारली आणि हार ओल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. सकाळपर्यंत ताजा राहायला हवा होता. सकाळी तो कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता, आणि ज्याच्या गळ्यात पडेल त्याला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हावं यासाठीच घालायचा होता. माणूस कोण, ते ठरलेलं नव्हतं. जो सापडेल तो.

हे काम मला नेमून दिलेलं होतं, हे खरं. पण नेमून दिलेली कामं मी कशी करते हे मला ठाऊक आहे. याद्या असोत, सर्वेक्षण असो, लसीकरणाची पत्रकं असोत, माझा कागद सगळ्यांच्या आधी भरून जातो. मूळची मी जव्हारजवळच्या जामसरची. घरची भातशेती, वडील शिक्षक, भाऊ कचेरीत कारकून. वरच्या माणसाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, ही आमच्या घरची शिकवण. खालच्या माणसाशी कसं वागायचं हे कुणी शिकवलं नाही, आणि मीही कधी विचारायला गेले नाही.

त्या वर्षी सगळीकडे संडासांची मोहीम जोरात होती. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर माझी दोनशिक्षकी शाळा. मी मुख्याध्यापिका. मोहिमेच्या ट्रेनिंगला आम्हाला मोखाड्याला बोलावलं. नेमका बाजाराचा दिवस होता, जीपमध्ये कोंबड्या आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांमध्ये पाय दुमडून मी पोचले. ट्रेनिंग देणारे गृहस्थ बाहेरून आले होते. बोलण्यात साखर. त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: भीती, किळस, अभिमान, लाज. मग विचारलं, माणसाला जागचं हलवायला यातलं सगळ्यात जास्त काय उपयोगी पडतं?

मी हात वर केला. "लाज," म्हटलं.

"शाब्बास बाई," ते म्हणाले. "संडास का वापरावा हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. माहितीनं कुणी हलत नाही. लाज म्हणजे फुकटचं पेट्रोल."

चाळिशी उलटलेली बाई मी, पण त्या शाब्बासकीनं हुरळून गेले. परतीच्या जीपमध्येही ती माझ्या डोक्यात वाजत होती. इतकी वर्षं पोरांना शाब्बासकी वाटली, पण ती मिळणाऱ्याच्या डोक्यात किती चढते हे मला तेव्हाही कळलं नाही.

आता जी सापडली तिच्याविषयी सांगायला हवं.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी एक बाई होती. पोरं तिला आजी म्हणायची, मी मावशी. पन्नाशीच्या पुढची, काटक. घरची जमीन कधीच नव्हती. भातलावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या खाचरात, एरवी आमच्या चुलीपाशी. सगळ्यांना ती अरे-तुरेच करायची, मला, केंद्रप्रमुखांना, कुत्र्याला, देवाला. त्यात अनादर नव्हता, तिच्या बोलीची तऱ्हाच तशी. शाळेतला झेंडू तिनंच लावलेला. तांदूळ धुतलेलं पाणी ती रोज त्याच्या बुडाशी ओतायची. म्हणजे हारातली फुलंही तिचीच होती, हे मी ओवताना विसरले नव्हते. फक्त त्याचा विचार करत नव्हते.

मी त्या शाळेवर नवीन रुजू झाले तेव्हा शाळेला संडास नव्हता. राहायला मी जव्हारला, तिथून सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. दिवसभर मी पाणी पीत नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटात कळ आली आणि मी वर्गात घामाघूम होऊन उभी राहिले. हिनं चुलीपासून पाहिलं. काही न विचारता आली, पाण्याचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चल." शाळेमागे करवंदीच्या जाळ्या आहेत. तिथं तिनं मला जागा दाखवली, आणि स्वतः पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली. कुणी वाटेनं आलं की जोरात खोकायची. पुढे दोन वर्षं, शाळेचा संडास बांधून होईपर्यंत, असंच चाललं. ती कधी त्यावर बोलली नाही, हसली नाही, कुणाला सांगितलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीनं एवढं केलं नसतं.

मग माझं तिच्यावर प्रेम असायला हवं होतं ना? लोक म्हणतात, उपकार केलेल्याविषयी मन भरून येतं. माझं नाही आलं. माझ्या मनात तिच्याविषयी एक बारीक अढी बसली, आणि ती वर्षागणिक वाढली. तिनं मला घायकुतीला आलेली पाहिलं होतं. शिवाय पोरं तिची होती. पहिलीच्या पोरांना मी पुस्तकातलं मराठी समजावून समजावून थकायची, आणि ही दारात तांदूळ निवडता निवडता त्यांच्या घरच्या बोलीत दोन वाक्यं टाकायची की सगळा वर्ग खुदकन हसून उत्तर द्यायचा. "आजी, आजी" करत पोरं तिच्याकडे धावायची. डी.एड. मी केलेलं. मी तिला एकदा सांगूनही टाकलं की वर्ग चालू असताना मध्ये बोलायचं नाही. "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाठ फिरवून तांदूळ निवडत बसली.

मोहिमेच्या पथकाच्या दिवसांत मी पाड्यावरच, अंगणवाडीच्या ताईकडे मुक्काम करायची. गुड मॉर्निंग पथक असं त्याचं नाव. उजाडताना निघायचं, उघड्यावर गेलेला कुणी दिसला की शिट्टी वाजवायची, त्याला फूल नाहीतर हार द्यायचा, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा. त्या दिवशी आम्ही पाच-सहा जण होतो आणि आमचं काम पाहायला बाहेरून एक साहेबही आलेले. थंडी मरणाची. दोन पुरुष लांबून दिसले, पण शिट्टी ऐकताच नाल्यात उतरून पसार झाले. साहेब घड्याळ पाहू लागले. मला धास्ती वाटायला लागली की हार वाया जाणार.

तेवढ्यात करवंदीच्या आडून ती आली. हातात टमरेल, डोक्यावरून पदर. ती पळाली नाही. पळायचं कशाला, समोर मी होते. मला पाहून तिचा चेहरा उजळला. एवढ्या सकाळी मी त्या बाजूला कशाला आले असेन, याचा तिनं तिच्या परीनं अर्थ लावला.

"बाई, तुला पन लागली काय?" ती म्हणाली. "चल, मी उभी ऱ्हाते."

सगळे हसले. साहेबही हसले. कुणीतरी म्हणालं, "अरे वा, बाईंची जुनी वहिवाट दिसतेय."

मला काय झालं ते मी आज नीट सांगू शकते, कारण नंतर त्याचा विचार करण्यावाचून मी दुसरं काही फारसं केलेलं नाही. कानशिलं तापली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी माझी गत, आणि तिनं माझं झाकलेलं सगळ्यांसमोर काढलं, तेही प्रेमानं. त्या क्षणी मला संडास, रोगराई, मोहीम काहीही आठवत नव्हतं. हसणाऱ्यांची तोंडं माझ्यावरून दुसरीकडे वळावीत, एवढंच हवं होतं. मी पुढे झाले आणि हार तिच्या गळ्यात घातला. घालताना तिनं मान वाकवली. तिला वाटलं असावं, काहीतरी मानाचं आहे. मग मी शिट्टी वाजवली, टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनी वाजवल्या. टमरेल लपवायला तिला जागा नव्हती. तिनं ते पदराखाली घेतलं. फोटो आला तो त्याच वेळचा.

तिला संडास का नव्हता हे मला माहीत होतं, हेही लिहिलं पाहिजे. याद्या मीच भरल्या होत्या. तिच्या झोपडीखालची जागा दुसऱ्याची. बांधायचा तर जागामालकाची संमती हवी, आणि मालक आज देतो, उद्या देतो करत होता. बांधायचाच नाही म्हणून ती अडून बसलेली नव्हती. लाज वाटून ती जाणार कुठे होती?

फोटो मी मोहिमेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मी, स्वतः. कुणी सांगितलं नव्हतं. खाली लिहिलं, "आजचा सत्कार." अंगठ्यांचा पाऊस पडला. दुपारपर्यंत तो पाड्यावरच्या सगळ्या फोनांवर फिरला. ती मात्र त्या दिवशीही वेळेवर आली, खिचडी शिजवली, वाढली, भांडी घासली. दोन पोरं तिच्यामागे टाळ्या वाजवत फिरत होती. मी त्यांना ओरडले नाही. ओरडले असते तर कशाबद्दल ओरडते ते सांगावं लागलं असतं. त्या दिवसापासून ती शाळेत पाणी प्यायची बंद झाली. मी ते रोज पाहत होते. शाळेच्या संडासाची किल्ली माझ्याकडे असायची, ती तिनं कधी मागितली नाही आणि मी दिली नाही. पाणी न पिता दिवस कसा काढायचा असतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

महिनाभरात गाव हागणदारीमुक्त जाहीर झालं. कागदावर माझी सही होती आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं.

ती आता ओहोळापलीकडच्या टेकाडापर्यंत जायला लागली होती, उजाडायच्याही आधी, म्हणजे कुणाच्या दृष्टीस पडायला नको. एका सकाळी दवानं ओल्या झालेल्या कातळावरून तिचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्याकडून बसवून घेतलं, ते वाकडंच बसलं. पंधरा दिवसांनी ती गळ्यात फडक्याची झोळी करून शाळेत आली. खिचडीचं पातेलं तिला उचलेना. शाळा समितीतले म्हणाले, दुसरी बाई बघावी लागेल. ठराव लिहायचं काम माझ्याकडे.

मी लिहिलं, "सदर स्वयंपाकी महिलेने वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने काम सोडले आहे." हात मोडला असं लिहिलं असतं तर कुठे मोडला, कसा मोडला असं कुणी विचारलं असतं. मुक्त गावातली बाई टेकाडावर काय करत होती, असंही विचारलं असतं, आणि त्या मुक्तीखाली सही कुणाची? तिनं डाव्या हाताचा अंगठा दिला. देताना विचारलं, "काय लिवलंस?"

"काम होत नाही म्हणून सोडते, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली.

पोरांनी विचारलं, आजी कुठंय? मी सांगितलं, आजी थकली, तिला आता शाळेत यायचं नाही, नको म्हणाली. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, रडायचं काय त्यात, माणसाला कंटाळा येतो. चाळीस फुलांच्या हारापेक्षा हे वाक्य जास्त वाईट होतं, पण ते मला त्या वेळी अगदी सहज सुचलं. नवीन बाई बरी आहे, स्वयंपाक चांगला करते. ती वर्गात बोलत नाही.

वर्षभरानं मला पुन्हा मोखाड्याला बोलावलं, या वेळी व्यासपीठावर. नवीन लोकांना आमच्या पाड्याचा अनुभव सांगायचा होता. गाव कसं बदललं, लोकांना आतून प्रेरणा कशी मिळाली, यावर मी वीस मिनिटं बोलले. हाराचा किस्साही सांगितला, फक्त त्यात हार घालणारी बाई दुसरीच कुणी होती आणि हार घेणारीनं पुढच्या महिन्यात संडास बांधला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं बोलताना आवाज कापतो म्हणतात. माझा जराही कापला नाही. मला वाटतं, मी तो किस्सा मनातल्या मनात इतक्या वेळा दुरुस्त करून घेतला होता की बोलताना तो पाठ केल्यासारखा आला.

आणि परतीच्या जीपमध्ये समोरच्या बाकावर ती बसलेली. गुडघ्याला गुडघा. मिरची-मीठ घेऊन बाजारातून निघाली होती, पिशवी डाव्या हातात. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. मला पाहून हसली, "बाई, बरी हायस ना?" म्हणाली. जीप भरलेली, बोलायची सोय नव्हती. तासभर मी खिडकीबाहेर पाहत बसले. तिच्या थांब्यावर ती उतरली तेव्हा मीही उतरले. का उतरले हे मला विचाराल तर चांगुलपणानं नाही. व्यासपीठावरून उतरून तडक तिच्यासमोर बसण्याचा तो तास मला झेपला नाही, आणि आता माफी मागून मोकळं व्हावं असं वाटलं. माफीसुद्धा मी माझ्याच सोयीनं मागायला निघाले होते.

मी तिची पिशवी घेतली. पायवाटेनं चालता चालता म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी हार घातला, ते चुकलंच माझं."

"हार?" ती म्हणाली. जरा आठवावं लागलं तिला, की तसं दाखवलं, कोण जाणे. "त्यो शेळीनं खाल्ला. तूच काय करशील, सायेब हुता, मानसं हुती. तुला बी लाज वाटली आसंल."

एवढं सोपं करून टाकलं तिनं. मी वर्षभर ज्याला नाव देऊ शकत नव्हते ते तिनं चालता चालता सांगितलं. मला रडू आलं, आणि खरं सांगते, त्या रडण्यात थोडं बरंही वाटत होतं. सुटले बाई एकदाची, असं.

मग ती थांबली. "पन बाई, पोरांना तसं का सांगितलंस?"

"काय?"

"मना पोरं नको झाली म्हनून. वाटेनं जातात तवा थांबत न्हाईत. हाक मारली तर मोठी पोर सांगते, आजी, तुला आमचा कंटाळा आला ना. मी काय सांगू तिला? बाई सांगते त्ये खोटं कसं आसंल?" तिचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "हात मोडला त्येचं काय न्हाय. काम गेलं, ऱ्हाऊ दे. पन मना ती कवाच नको नव्हती. येवढंच सांग त्यांना. दुसरं काय सांगू नको."

मी म्हटलं, सांगते. उद्याच सांगते. तिनं पिशवी परत घेतली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी हजेरी घेतली आणि पुस्तकं काढा म्हटलं नाही. पोरं टकामका बघायला लागली. रात्रीपासून मी वाक्यं जुळवत होते. म्हटलं, "मुलांनो, आपली आधीची आजी आहे ना, तिला शाळा नको झाली नव्हती. तिला तुम्ही आवडत होता. तिचा हात मोडला होता, म्हणून ती येऊ शकली नाही."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तिनं एवढंच मागितलं होतं. पण पोरांना अर्धी गोष्ट कुठे चालते.

"कसा मोडला?" तिसरीतल्या एकीनं विचारलं.

"पडली."

"कुठं पडली?"

"टेकाडावर."

"टेकाडावर कशाला गेली हुती?"

दोघं-तिघं एकमेकांकडे पाहायला लागले. टाळ्या वाजवत तिच्यामागे फिरलेली दोन पोरंही त्यांत होती. त्यांना कळलं होतं, किंवा कळायला एक वाक्य कमी पडत होतं, आणि ते वाक्य माझ्याकडे होतं. पोरीनं पुन्हा विचारलं, "बाई, मग तुमी आमाला तिला कंटाळा आला आसं का सांगितलं?"

साहेबांसमोर तापली होती तशीच कानशिलं तापली. इथं तर साहेब कुणी नव्हता, तिसरी-चौथीची पोरं होती, आणि ती हसतही नव्हती.

"पाढे," मी म्हटलं. "तेराचा पाढा. मोठ्यानं. सगळ्यांनी."

पोरांनी पाढा सुरू केला. ती पोर अजून माझ्याकडेच पाहत होती. तिचा प्रश्न पुन्हा ऐकू येऊ नये म्हणून मीही त्यांच्याबरोबर, सगळ्यांत मोठ्यानं, म्हणायला लागले.